शेवटच्या एसटीनंतर सुरू होणारा कल्ला

पहिलं सत्र म्हणजे ढोल, दांडिया, एकांकिका आणि घसा बसेपर्यंत घोषणा. पण तुमच्या कॉलेजचा कल्ला रंगात येतो, तेव्हा गावाकडून येणारी पोरंपोरी कुठे असतात?

तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आत्ता काय चाललं असेल, ते मी न बघता सांगू शकते. कुणीतरी ट्रॅडिशनल डेसाठी पोल टाकलाय. कुणीतरी ‘नऊवारी नेसवून देणारं कुणी आहे का गं?’ असं विचारतंय. सांस्कृतिक विभागाच्या सरांनी युवक महोत्सवाची नोटीस पाठवलीये आणि तिच्याखाली फक्त तीन अंगठे आलेत. ढोल पथकातला एक जण रोज रात्री हाताला आलेल्या फोडांचे फोटो टाकतोय. आणि या सगळ्यात मध्येच एक मेसेज पडलाय, ‘इंटर्नल कधी आहे?’ त्याला मात्र कुणीच उत्तर देत नाहीये.

पहिलं सत्र असंच असतं. जुलैमध्ये छत्र्या घेऊन आलेली अनोळखी तोंडं नोव्हेंबरच्या पेपरपर्यंत ‘आपली गँग’ होऊन जातात. हे लेक्चरला बसून होत नाही, ते तुम्हालाही माहितीये. ते होतं तालमीत, मांडवात, रांगोळीचे रंग चाळताना, कुणाच्या तरी डब्यात पाच जणांनी हात घालताना. कॉलेजला ‘कॉलेज’ म्हणण्याऐवजी ‘आमचं कॉलेज’ म्हणायला आपण कधी लागतो, ते आठवून बघा. बहुतेकांना त्या आठवणीत एखादा असाच कार्यक्रम सापडेल.

आता मला एक सांगा. तुमच्या कॉलेजचा हा कल्ला किती वाजता सुरू होतो?

प्रश्न साधा वाटतो. माझं एक अख्खं वर्ष या प्रश्नाच्या उत्तरात गेलं.

बिनदाराच्या गावातून

मी शनिशिंगणापूरची. हो, तेच गाव. नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘म्हणजे खरंच तुमच्या घरांना दारं नाहीत?’ जुन्या घरांना चौकट असते, पडदा असतो, कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून एखादी फळी टेकवून ठेवतात. कडी-कोयंडा नसतो. २०११ मध्ये युको बँकेनं आमच्याकडे शाखा उघडली ती कुलपाशिवाय, तर त्याच्या देशभर बातम्या झाल्या होत्या. आम्हाला त्याचं फार काही वाटलं नाही.

आमच्या गावात कॉलेजचा आठवडा शुक्रवारीच संपतो. शनिवार देवाचा आणि दुकानाचा. माझ्या आत्याचं पूजेच्या साहित्याचं छोटं दुकान आहे. तेल, नारळ, काळे उडीद, रुईच्या पानांचे हार. शनिवारी एक जास्तीचा हात लागतोच आणि शनी अमावस्येला तर घरातले सगळे हात लागतात. त्यामुळे शनिवारी ठेवलेला कुठलाही ‘डे’ आमच्यासाठी आधीच रद्द. बाकीचे पाच दिवस मात्र आम्ही मनापासून कॉलेजचे.

मी बीए केलं ते तालुक्यातल्या एका कॉलेजात. घरून एसटी, मधे एक गाडी बदलायची आणि मग दहा मिनिटं पायी. दुसऱ्या वर्षाला असताना एकांकिकेसाठी ऑडिशन असल्याची नोटीस लागली. ऑडिशन दुपारी दोनला होती, म्हणून देता आली. माझी निवड झाली. नायकाची मोठी बहीण, एकूण चौदा वाक्यं. ती चौदा वाक्यं मी रात्री भांडी घासताना म्हणायचे, तर आई विचारायची, ‘कुणाशी भांडतीस गं?’

तालीम मात्र लेक्चर्स संपल्यावर, म्हणजे साडेचार ते आठ. माझी परतीची शेवटची गाडी सव्वापाचला. म्हणजे रोज अर्धा तास तालीम, त्यात पहिली पंधरा मिनिटं लोक जमण्यात जायची.

पहिले दोन दिवस वडील मोटारसायकलवर घ्यायला आले. तिसऱ्या दिवसापासून शेतीची लाईट रात्रीच्या पाळीला आली. ज्यांच्या घरी ऊस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री लाईट म्हणजे रात्री पाणी भरायला जाणं आलं आणि मग मुलीला तालमीतून आणायला जाणं होत नाही. चौथ्या दिवशी आमच्या दिग्दर्शकानं, जो स्वतः टीवायचा विद्यार्थी होता, मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘तू बॅकस्टेजला ये ना, काही प्रॉब्लेम नाही.’ त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण बॅकस्टेजही रात्रीच असतं.

माझी चौदा वाक्यं होस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीकडे गेली. तिनं ती छान म्हटली असं सगळे सांगतात. मी प्रयोग पाहिला नाही, कारण तोही संध्याकाळी होता. मी पाहिली ती मैत्रिणींची स्टेटस, शनिवारी दुकानात गिऱ्हाईक नसताना.

या गोष्टीत कुणीच खलनायक नाही, आणि मला ते फार दिवस टोचत राहिलं. रागवायला कुणीतरी लागतं ना! इथे मला कुणी ‘नाही’ म्हटलंच नव्हतं. फक्त वेळ तशी होती.

चार महिन्यांत काय काय होतं?

आपण काय काय चुकवतो ते कळायचं असेल, तर पहिल्या सत्राचं कॅलेंडर एकदा नीट बघायला हवं.

ऑगस्टमध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी सुरू होते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पडदा उघडायच्या आधी ‘अरे आवाज कुणाचा?’चा जो गजर होतो, तो ऐकलेला माणूस विसरत नाही. या स्पर्धेची आणखी एक आठवण. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक द्यायचा नाही असं ठरवलं. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. त्यावर भरपूर वाद झाला, कट्ट्याकट्ट्यावर दोन तट पडले. एखाद्या कपावरून पोरं इतकी भांडतात, कारण तो कप त्यांना ‘आपला’ वाटतो.

मग गणपती. पुण्यात शिकणारी आपल्या नगरची कितीतरी पोरं तिथल्या ढोल-ताशा पथकांत वाजवतात आणि विसर्जनानंतर आठवडाभर खांदा धरून फिरतात. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन. त्या दिवशी टीवायच्या पोरी साडी नेसून एफवायच्या वर्गावर जातात आणि एफवायची पोरं त्यांना खऱ्या मॅडमपेक्षा जास्त छळतात.

आपल्या जिल्ह्यात २२ सप्टेंबरही मोठा दिवस असतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांची जयंती. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले गावी सुरू केली. आपल्याकडे श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत अशा गावांत ‘रयत’ची कॉलेजं आहेत. जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा शाळेतली पोरं, कॉलेजातली पोरं आणि त्यांच्याआधी तिथेच शिकून गेलेले त्यांचे वडील, अशा दोन-दोन पिढ्या एकाच रस्त्यावर असतात. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच संस्थेतली. तिच्यावर शिकलेला एखादा माणूस तुमच्याही नात्यात असेल.

२४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा, म्हणजे आपल्या ‘एनएसएस’चा दिवस. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. ‘शिबिर’ म्हटल्यावर ज्याला शेकोटी आणि खिचडी आठवत नाही, त्यानं एनएसएस केलेलंच नाही.

त्यानंतर नवरात्र, दांडिया आणि याच सुमारास युवक महोत्सव. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात संगीत, नृत्य, नाट्य, साहित्य आणि ललित कला असे पाच विभाग असतात. कॉलेजच्या पोरांनी आपल्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळवायची, मग विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागात जातो आणि तिथून राष्ट्रीय महोत्सवात. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरीची रांगोळी थेट दिल्ली-भोपाळकडच्या पोरांच्या शेजारी मांडली जाऊ शकते, असा हा रस्ता आहे.

आणि मग दिवाळी जवळ येते, कारखान्यांचे बॉयलर पेटायची तयारी होते, ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतात. पेपर होतात आणि सत्र संपतं.

हा टाइमपास नाही

‘कॉलेजला शिकायला जाता का नाचायला?’ हे वाक्य तुम्ही घरी ऐकलं असेल. मीही ऐकलंय. तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं, आता देते.

पहिलं उत्तर अगदी व्यवहाराचं. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत. एनएसएस, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक उपक्रम, कला हे सगळं आता मार्कशीटच्या बाहेरचं राहिलेलं नाही. तेव्हा ‘अभ्यास सोडून कसले धंदे’ हा मुद्दा सरकारी कागदावरच खोडला गेलाय.

दुसरं उत्तर आपल्या नगरचं. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ हे कॉलेजातल्या धमालीवरचं नाटक लिहिणारे मधुकर तोरडमल नगरच्या अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. १९४७ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज. पुढे तोरडमल रंगभूमीवरचे प्राध्यापक बारटक्के झाले आणि महाराष्ट्राला हसवत राहिले. सदाशिव अमरापूरकर याच नगरचे. हिंदी सिनेमात खलनायक म्हणून गाजण्याआधी ते नाटकात घडले. मोठी माणसं आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी त्यांना कधीतरी एका लहान गावातल्या लहान स्टेजवर उभं राहू दिलेलं असतं.

तिसरं उत्तर आपलेपणाचं. हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत हेच दिवस ‘होमकमिंग’चे. शिकून गेलेले विद्यार्थी आपल्या विद्यापीठात परत येतात, फुटबॉलची मॅच होते, मिरवणूक निघते, सगळे कॉलेजच्या रंगाचे कपडे घालतात. मिसुरी विद्यापीठ तर आपल्या होमकमिंगची परंपरा १९११ पासून सांगतं. ते त्याला ‘स्कूल स्पिरिट’ म्हणतात, आपण ‘आवाज कुणाचा’ म्हणतो. मुद्दा एकच. जिथे आपण फक्त हजेरी लावली ती जागा आपली होत नाही. जिथे आपण काहीतरी केलं, ती होते.

फरक एकच आहे आणि तोच मला सांगायचाय. तिकडे बरीच मुलं कॅम्पसवर किंवा जवळपास राहतात. आपल्याकडची कितीतरी मुलं एसटीनं येतात.

ठरवतं कोण?

तालीम साडेचारला असावी, डे शनिवारी असावा, बक्षीस समारंभ सहाला असावा, हे ठरवतं कोण? जरा आठवा. त्या मीटिंगला तुम्ही होतात का?

एके काळी कॉलेजात जीएस निवडून यायचा. त्या निवडणुकांत हाणामाऱ्या झाल्या, जीवही गेले आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद होऊन गुणांवर नेमणूक सुरू झाली. २०१६ च्या कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली, २०१९ मध्ये त्या होणार अशी जय्यत तयारी झाली, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. निवडणुका चांगल्या की वाईट हा वाद आज नको. मला वेगळंच दिसतं. मतदान असतं, तर एसटीनं येणाऱ्या पोरांचीही मतं मोजावी लागली असती. ते नसलं, की ठरवतो तो, जो त्या वेळी तिथे असतो. आणि मीटिंग बहुतेक वेळा पाचनंतरच असते.

म्हणजे बघा. जे पाचनंतर थांबू शकतात ते ठरवतात, की कार्यक्रम पाचनंतर ठेवू. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. त्यांना तो प्रश्नच दिसत नाही. वर्षअखेर मात्र बोललं जातं, ‘खेड्यातली पोरं कशात भाग घेत नाहीत, बुजतात.’ बुजत नाहीत ओ. स्टँडवर उभी असतात.

मुलींचं तर दुप्पट. मुलगा एखाद्या दिवशी मित्राच्या रूमवर राहिला तर चालतं. मुलीला ते विचारायचीही सोय नसते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पासला विद्यार्थी सवलत आहे. पैशाचा प्रश्न बराच हलका झाला. पण सवलत गाडी असेल तरच कामाची. साडेसातला गाडीच नसेल, तर अर्धं तिकीट कशाचं काढणार?

चौथऱ्यावरून आठवलं

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या देवाला मंदिर असं नाही. उघड्या चौथऱ्यावर शिळा आहे, वर छप्पर नाही. गावाला दारं नाहीत, देवाला भिंती नाहीत. पण त्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, अशी पद्धत होती. २०१६ च्या जानेवारीत भूमाता ब्रिगेडचं आंदोलन झालं, पोलीस, टीव्हीच्या गाड्या, सगळं गाव गजबजलं. मार्चअखेर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, की जिथे पुरुषांना जाता येतं तिथे बायकांना अडवता येत नाही. आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थाननं चौथरा सगळ्यांना खुला केला.

तेव्हा गावातल्या सगळ्या बायकांना ते पटलं होतं असं नाही. आमच्या घरातही दोन मतं होती, आजही आहेत. त्यात मी इथे पडत नाही. माझ्या लक्षात राहिली ती वेगळी गोष्ट. दार नसलेल्या गावातही एक जागा अशी होती, जिथे जाता येत नव्हतं. म्हणजे अडवायला दार लागतंच असं नाही.

कॉलेजच्या नोटीस बोर्डवर ‘सर्व विद्यार्थ्यांना आवाहन’ असं लिहिलेलं असतं. दार सताड उघडं! आणि खाली बारीक अक्षरात वेळ असते, सायंकाळी ५ ते ८.

दुपारी बारा ते दोन

टीवायला गेल्यावर मी एक केलं, आणि ते काही फार मोठं नाही. युवक महोत्सवाचे नियम वाचले. कुणी वाचत नाही ते. तुम्ही वाचा, त्यात आपल्या कामाचं बरंच काही असतं.

एकांकिकेला अर्धा तास आणि स्टेजवर नऊ जण लागतात, म्हणून तालमी लांबतात. पण प्रहसनाला, म्हणजे स्किटला, सहा जण आणि दहा मिनिटं पुरतात. मूकनाट्याला, म्हणजे माइमला, सहा जण आणि पाचच मिनिटं. नकला एकट्यानं करायच्या. ललित कलांचे प्रकार तर दिवसाच होतात. रांगोळी, मेंदी, पोस्टर, व्यंगचित्र, कोलाज, मातीकाम. विषय जागेवर देतात आणि साधारण अडीच तासांत काम पूर्ण करायचं असतं. याची तयारी घरी, ओट्यावर बसून होते.

आम्ही माइम निवडला. सहा जणांपैकी पाच जण एसटीचे, एक जण गावातलाच, ज्याच्याकडे दुपारी मोकळी खोली होती. तालीम बारा ते दोन, डबा खाता खाता. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. एसटीची गर्दी हाच विषय. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा, कडेवर पोर घेऊन उभी असलेली बाई, झोपेचं सोंग घेतलेला पोरगा, सुट्ट्या पैशांवरून वैतागलेला कंडक्टर. माइमला शब्द लागत नाहीत, त्यामुळे जाता-येता गाडीतही आमची तालीम चालायची. एकदा कंडक्टर काकांनी स्वतःचीच नक्कल पाहिली. हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तिकिटांचं मशीन खऱ्यात कसं धरतात ते दाखवून गेले.

आम्हाला नंबर आला नाही. खरं सांगायचं तर निकाल लागायच्या आधीच आम्ही तिथून निघालो होतो, कारण गाडी. फोनवर कळलं. स्टँडवर आम्ही सहा जण उभे होतो, तोंडाला पांढरा रंग अर्धवट पुसलेला, बाया-माणसं टकामका बघतायत. आमच्यातला एक जण एकदम ओरडला, ‘अरे आवाज कुणाचा?’ आणि आम्ही पाच जणांनी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं आमच्या कॉलेजचं नाव घेतलं. तीन वर्षांत मी ते नाव तसं पहिल्यांदाच घेतलं होतं.

आता मी नगरला मास कम्युनिकेशन करते, होस्टेलवर राहते, पाचनंतर थांबू शकते. आणि म्हणूनच हे लिहायचं ठरवलं. थांबू शकणाऱ्यांत गेलं, की स्टँडवरची पोरं दिसेनाशी व्हायला वेळ लागत नाही. मागच्या महिन्यात आमच्या विभागाच्या कार्यक्रमाची वेळ मीच साडेपाच लिहिली होती. मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा लक्षात आलं.

आता तुमची पाळी

तुमच्या हातात काय आहे? बरंच आहे.

तुम्ही आयोजक टीममध्ये असाल, तर वेळ ठरवण्याआधी वर्गात एकदा हात वर करायला सांगा, ‘शेवटची गाडी सहाच्या आत कुणाकुणाची?’ किती हात वर येतात ते बघून तुम्हीच दचकाल. ते हात मोजून मग वेळ लिहा. रोज नाही जमलं, तर तालमीचे निम्मे दिवस दुपारी ठेवा. ज्यांची एंट्री लवकर संपते त्यांचे प्रवेश आधी बसवा. मीटिंग मधल्या सुट्टीत घ्या. बक्षीस समारंभ शेवटी ठेवायचाच असेल, तर निदान निकाल आधी सांगा.

तुमच्या ओळखीचे सर किंवा मॅडम सांस्कृतिक विभागात असतील, तर त्यांना कॉलेजच्या लेटरहेडवर एसटी आगाराला पत्र द्यायला सांगा. तालमीचे पंधरा दिवस एक फेरी तासभर उशिरा सोडता येईल का, एवढंच विचारायचं. सोबत विद्यार्थ्यांची नावं आणि गावं जोडा. दहा जणांच्या तोंडी तक्रारीपेक्षा यादी जोडलेला एक कागद जास्त बोलतो. मिळेलच असं नाही. पण मागितलंच नाही, तर नक्की मिळणार नाही.

आणि तुम्ही माझ्यासारखे स्टँडवरचे असाल, तर ‘हे आपल्यासाठी नाही’ असं मनाशी म्हणू नका. मी एक वर्ष म्हटलं, उगाच म्हटलं. आपल्यासारखेच चार जण शोधा. ते सापडतात, रोज आपल्याच गाडीत असतात. नियमावली मागून घ्या. दिवसा होणारा प्रकार निवडा. घरच्यांना तारीख, जागा आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच कागदावर लिहून द्या. माझ्या घरी या कागदानं जे काम केलं, ते माझ्या दोन दिवसांच्या रुसव्यानं केलं नव्हतं.

या सत्रातला तुमचा कार्यक्रम दणक्यात होऊ द्या. ढोल वाजू द्या, घसा बसू द्या. फक्त ‘आवाज कुणाचा’ असं ओरडायच्या आधी एकदा मागे वळून बघा, कोण कोण आहे ते. आणि घड्याळाकडेही बघा. सव्वापाच वाजायला आले असतील, तर कुणीतरी दप्तर उचलून गुपचूप निघत असेल. त्याला किंवा तिला थांबवू नका, गाडी चुकेल. पण उद्याची तालीम बाराला आहे, एवढं मात्र ओरडून सांगा.